साडेएकवीस किलोंचा डबा

आमच्या फाटकासमोरच्या डब्याचे वजन साडेएकवीस किलो आहे. दहा लिटरचा रंगाचा डबा. बाबांनी त्यात सिमेंट आणि खडी कालवून ओतली, मधोमध लोखंडी पाइप उभा केला आणि पाइपाला पत्र्याची पाटी बांधली, ‘गाडी लावू नये’. मी तो डबा कधी काट्यावर ठेवलेला नाही. त्याचे वजन मला रस्त्याने सांगितले.

डबा जमिनीवर टेकला की खालचा रस्ता दबतो. केसाच्या जाडीचे शंभर भाग केले तर त्यातल्या एका भागाइतका. डांबराखाली हातभर खोल इंटरनेटची केबल गेली आहे, काचेच्या तंतूंची. हा दाब तिच्यापर्यंत पोहोचतो. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात अतिसूक्ष्म असमानता उरतेच, आणि त्यामुळे तंतूतून प्रकाशाचा ठोका सोडला की वाटेतल्या प्रत्येक बिंदूवरून त्यातला थोडासा प्रकाश माघारी येतो. किती वेळाने आला यावरून तो कुठून आला हे कळते. जमीन दबून काच ताणली गेली असेल, तर परत येणाऱ्या लहरी किंचित मागेपुढे सरकलेल्या असतात. एवढेच. या सरकण्यावरून आम्ही मोटार, सायकल, हातगाडी, कुत्रे आणि माणूस ओळखतो.

हे तंत्र शहरात आले ते पाणीगळती शोधायला. फुटलेल्या नळाची थरथर केबलला ऐकू येते. गळती सापडायची, दुरुस्त व्हायची, आणि बाकीची सगळी नोंद कोणी पुसायची तसदी न घेतल्यामुळे तशीच साठत राहायची. दहा वर्षांची साठली. दोन वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेने त्या गोंगाटातून एकेक वाहन वेगळे काढायची रीत बसवली. भजनात वीस जण टाळ वाजवत असताना एकाच्याच टाळाचा आवाज वेगळा ऐकावा, तसे ते काम आहे. चार चाकांवर वजन कसे वाटले आहे, इंजिन चालू असताना गाडी किती थरथरते, थांबल्यावर किती वेळा हेलकावते, या सगळ्याची मिळून प्रत्येक गाडीची एक चाल असते. ती दुसऱ्या गाडीची नसते.

आम्ही ही रीत पुढच्या गर्दीचा अंदाज बांधायला केली होती. ती मागेही चालते हे आम्हाला माहीत होते, पण त्याचा विचार कोणी केला नव्हता. मीसुद्धा नाही.

नाशिकच्या मुक्ताई कॉलनीतल्या आमच्या गल्लीत असे जागा धरणारे डबे एकोणीस आहेत. कोणाच्या डब्यात तुळस आहे. मेहेंदळ्यांकडे तीन गाड्या, म्हणून दोन डबे आणि एक पाय मोडलेली प्लास्टिकची खुर्ची. गाडी बाहेर काढली की लगेच डबा ठेवायचा. परत आली की डबा उचलायचा आणि गाडी लावायची. दुसऱ्याच्या डब्याला कोणी हात लावत नाही. बोलणे बंद असले तरी नाही. आमचा डबा मात्र सहा वर्षे फाटकाच्या कडेला एका जागी आहे, कारण आमची गाडी सहा वर्षे हललेली नाही. आई गेली त्या दिवसापासून बाबांनी ती चालवली नाही. रोज सकाळी अर्धी बादली पाण्याने पुसतात, रविवारी बॅटरी उतरू नये म्हणून पाच मिनिटे सुरू करतात, आणि बंद करतात.

आणि गल्लीतल्या गाड्या हटवायच्या मोहिमेचे पुढारी तेच आहेत.

शहराने गेल्या वर्षी नियम केला की प्रत्येक गल्लीने आपला ठराव आपण करायचा. रस्त्याची नोंद गल्लीला मिळेल, ती वाचायची आणि ठरवायचे की गाड्या रस्त्यावर ठेवायच्या की शहराबाहेरच्या बहुमजली डेपोत. आमच्या गल्लीत एकशे बारा मोटारी, त्यातल्या एकाहत्तर आठवड्यातून दोन तासही हलत नाहीत. बाबांनी हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून दत्तमंदिराच्या फळ्यावर लावला. खाली लिहिले, ‘ही वाहने नव्हेत, रस्त्यावर ठेवलेली कपाटे आहेत.’

“काका, तुमचंही कपाट आहेच की समोर,” मेहेंदळे म्हणाले.

“ठराव होऊ दे. पहिलं माझं जाईल,” बाबा म्हणाले. त्यांचे वय एकोणऐंशी. पाटबंधारे खात्यात अभियंता होते. सभेत बोलताना अजून हात मागे बांधतात.

ठरावाच्या मसुद्यात शेवटचे कलम त्यांनी स्वतः घातले होते. विजेच्या डीपीजवळचा, गल्लीच्या तोंडाचा कोपरा कायम मोकळा ठेवावा आणि तिथे कै. शैलजा देवस्थळी यांच्या नावाची फरशी बसवावी.

त्या कोपऱ्यावर सहा वर्षांपूर्वी, सतरा फेब्रुवारीच्या दुपारी, आईसाठी आलेली अॅम्ब्युलन्स अडली होती. कोपऱ्यावर पांढरी गाडी उभी होती, वळण बसेना, असे तिच्या ड्रायव्हरने नंतर सांगितले. तो मागे गेला आणि पलीकडच्या तोंडाने फिरून आला. ‘दहा मिनिटं आधी आणलं असतं तर,’ असे डॉक्टर म्हणाले. मी तेव्हा बंगळूरला होते. विमानतळावर उतरले तेव्हा सगळे संपले होते.

त्या कोपऱ्यावर पांढरी गाडी एकच लावत असे, नवनाथ ठोंबरे. मेहेंदळ्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारा टॅक्सीवाला. त्याला फाटक नव्हते, त्यामुळे डबाही नव्हता.

* * *

ठोंबरे माझ्याकडे आले ते दिवाळीनंतरच्या आठवड्यात. घरी नाही, प्रयोगशाळेत. हातात पेरूंची पिशवी होती.

“ओळखलं का ताई?”

ओळखले होते. केस पांढरे झाले होते. आता ते पिंपळगावला द्राक्षांच्या शेडवर टेम्पो चालवत होते.

“बसा ना.”

“बसतो. जास्त वेळ नाही घेत.” ते खुर्चीच्या कडेला बसले. “शहरात गाडी चालवायला नवीन पास काढायचाय. मुलीला इथं कॉलेजला घातलंय, तर म्हटलं आपण पण परत यावं. फॉर्म भरला तर नामंजूर. का, तर माझ्या नावावर अडथळ्याची नोंद आहे.” त्यांनी मोबाइल पुढे केला. “हे बघा. तारीख, ठिकाण. आणि खाली, परिणाम, एका महिलेचा मृत्यू. काकूंचं नाव आहे ताई. आणि त्याच्याखाली माझं.”

तक्रारीवर बारा सह्या होत्या. पहिली बाबांची.

“मी त्या दिवशी वणीला होतो. गडावर भाडं घेऊन गेलतो. शंभर वेळा सांगितलं. ज्या कंपनीचं भाडं होतं ती कंपनीच बंद पडली, कागद कुठून आणू? लोकांनी तीनदा हवा सोडली. काचेवर कागद चिकटवला, या गाडीनं जीव घेतला म्हणून. माझी मुलगी सहावीत होती, तिनं वाचला तो.” त्यांनी मोबाइल मागे घेतला. “काकू दर दिवाळीला ताट पाठवायच्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मीच न्यायचो त्यांना. तेराव्याला आलो तर मेहेंदळ्यांनी फाटकातनंच परत लावलं.”

मी वहीत तारीख लिहून घेतली.

“तुम्ही रस्त्याचं जुनं ऐकू शकता म्हणतात. एवढ्या लोकांचं ऐकता, तेवढं माझं ऐका. मला त्या गल्लीत परत राहायचं नाही. फक्त काकूंच्या नावाखालनं माझं नाव काढा.”

अर्जाची मुदत एकतीस जानेवारीपर्यंत होती. तपासणीचा अर्ज त्यांनी रीतसर भरला. जुनी नोंद उघडण्याचे अधिकार आमच्या शहरात तिघांना आहेत, त्यातली मी एक. घरच्या माणसाशी संबंधित प्रकरण दुसऱ्याकडे द्यावे असा संकेत आहे. मी दिले नाही. मला वाटले, आईच्या शेवटच्या दुपारकडे परक्याने कशाला बघावे.

* * *

पडद्यावर गल्ली एका पट्टीसारखी दिसते. आडवे अंतर, उभा वेळ. उभी गाडी म्हणजे खालपर्यंत गेलेली जाड रेघ. चालणारा माणूस म्हणजे तिरकी, तुटक रेघ.

ठोंबऱ्यांची गाडी सापडायला वीस मिनिटे लागली. ती त्या दिवशी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी कोपऱ्यावरून निघाली होती आणि संध्याकाळी सहा पन्नासला परतली होती. वणीला जाऊन यायला लागतो तेवढा वेळ. ते खरे बोलत होते.

इथे थांबता आले असते. अर्जात एवढेच विचारलेले होते. पण कोपऱ्यावर तीन पंचावन्न ते चार वीस एक जाड रेघ होती, आणि ती कोणाची हे पाहिल्याशिवाय मला उठता आले नाही.

मी मागे गेले. तीन एकतीसला आमच्या फाटकाशी एक हातगाडी थांबली होती, भाजीची. फाटकातून आठ पावले बाहेर, थोडा वेळ थांबणे, आठ पावले आत. बावन्न किलो, डावा पाय किंचित आधी उचलणारी चाल. आईच्या पायांचे रस्त्यावरचे हे शेवटचे वजन. ती कोथिंबीर घ्यायला आली असावी. मी ती आठ पावले किती वेळा पाहिली ते सांगत नाही.

तीन चोपन्नला आमच्या फाटकासमोरची गाडी सुरू झाली. मागच्या उजव्या चाकाचा शॉक ॲब्सॉर्बर बदललेला, त्यामुळे थांबताना तीनऐवजी दोनच हेलकावे घेणारी गाडी. त्या गाडीत मी चालवायला शिकले आहे. तीही पांढरीच. ती चौसष्ट मीटर गेली आणि डीपीशी थांबली. दोन हेलकावे. मग दार उघडल्याची थरथर, आणि कोपऱ्याकडून घराकडे एक तुटक रेघ. ती पळणाऱ्या माणसाची होती. उजव्या गुडघ्याने नीट साथ न देणारा, त्र्याहत्तर वर्षांचा माणूस. मध्ये नऊ सेकंद रेघ थांबली होती. बाबा तिथे गुडघ्यावर हात ठेवून उभे राहिले असतील.

चार वाजून तीन मिनिटांनी अॅम्ब्युलन्स कोपऱ्यावर आली. पुढे, मागे, पुढे, मागे. चार वेळा. भरदुपार, गल्ली झोपलेली. घर नेमके कुठले ते माहीत नव्हते, म्हणून स्ट्रेचर घेऊन कोणी धावले नाही. चार सहाला ती मागे गेली, आणि चार चौदाला पलीकडच्या तोंडाने आली. अकरा मिनिटे. चार एकोणीसला आईला घेऊन त्याच बाजूने बाहेर पडली. अॅम्ब्युलन्समध्ये तिच्याबरोबर शेजारच्या निगडेकाकू बसल्या होत्या. त्या नर्स होत्या. बाबा कोपऱ्याकडे धावले, आपली गाडी काढली आणि मागोमाग गेले. कोपरा मोकळा झाला. त्यामुळे तिथे कोणाची गाडी उभी होती हे कोणालाच पाहायला मिळाले नाही.

पण त्यांनी गाडी तिथे नेलीच का? पत्नी आत जमिनीवर पडलेली असताना माणूस गाडी का हलवतो?

याचे उत्तर मला जे नव्हते त्यातून मिळाले. सगळ्या नोंदीत आमची गाडी फाटकासमोरून एक हजार चारशे सहा वेळा बाहेर निघाली आहे. एक हजार चारशे पाच वेळा, गाडी हलल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत रस्त्यावर साडेएकवीस किलो टेकले आहेत. फक्त एकदा नाही. त्या दुपारी बाबांनी डबा ठेवला नाही. त्यांनी जागा धरली नव्हती, सोडली होती. अॅम्ब्युलन्स अगदी दारात लागावी म्हणून.

मी अहवालाचा फॉर्म उघडला. निष्कर्षासाठी तीन पर्याय असतात. अर्जदाराचे म्हणणे सिद्ध, असिद्ध, अनिर्णित. सिद्ध म्हटले की त्या वेळी तिथे असलेले वाहन लिहावे लागते. तो रकाना रिकामा ठेवता येत नाही. अनिर्णित म्हटले की काहीच लिहावे लागत नाही. जुन्या नोंदी निम्म्या वेळा अनिर्णितच निघतात. कोणी विचारणार नव्हते.

मी ‘अनिर्णित’ निवडले. पाठवले नाही. तो फॉर्म तसाच उघडा, एकाहत्तर दिवस राहिला.

* * *

बाबांना सांगायचा प्रयत्न मी एकदा केला. संक्रांतीच्या आधीची सकाळ होती. ते गाडी पुसत होते.

“बाबा, त्या दिवशी तुम्ही गाडी कुठे लावली होती?”

“कुठल्या दिवशी?”

“आई गेली त्या दिवशी.”

त्यांनी फडके पिळले. “डीपीच्या पलीकडे. भिंतीला लागून. का?”

“अगदी पलीकडे? की डीपीच्या अलीकडे?”

बाबांना दोन वर्षांपासून कमी ऐकू येते. दोन्ही कानांत यंत्र असते. त्यांनी ओला हात पायजम्याला पुसला, उजव्या कानातले यंत्र काढले, मग डाव्या कानातले, आणि दोन्ही छोट्या डबीत ठेवून डबी खिशात टाकली. “पाणी जातं आत,” म्हणाले आणि टप पुसू लागले. टपावर पाणी नव्हते.

मी तिथेच उभी राहिले. भूकंपापासून गळक्या नळापर्यंत सगळे ऐकणारी केबल आमच्या दोघांच्या पायांखाली होती. तिला त्या क्षणी आम्ही दोन स्थिर वजने दिसत असणार, एकमेकांपासून दीड मीटरवर.

त्याच आठवड्यात ठोंबऱ्यांचा फोन आला. “ताई, घाई नाही करत. झालं का तेवढं विचारतो. मुलगी म्हणते, पप्पा तुम्ही खरंच वणीला होता ना?” ते हसले. “सहा वर्षांनी तिला पण शंका यायला लागली. मग मला पण येते कधी कधी. आपण तारीख तर चुकत नाही ना.”

“नाही. तारीख बरोबर आहे,” मी म्हणाले.

“मग बरं,” ते म्हणाले.

* * *

गल्लीची सभा पंचवीस जानेवारीच्या रविवारी, सकाळी दहा वाजता, दत्तमंदिरामागच्या हॉलमध्ये होती. साठेक लोक आले होते. अध्यक्षस्थानी निगडेकाकू. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात. यंत्रांची डबी खिशात. सभेत फार गलका होतो म्हणून ते ती घालत नाहीत, स्वतःचे भाषण झाले की बसतात.

“मी रोड टॅक्स भरलाय,” मेहेंदळे उभे राहून म्हणाले. “तिन्ही गाड्यांचा. रस्ता वापरतो, उपकार नाही घेत.”

“वापरत नाही हो, तेच तर म्हणणं आहे,” मागून कोणीतरी म्हणाले. “तुमच्या त्या निळ्या गाडीखाली मांजर विते दर वर्षी!”

हशा पिकला. मेहेंदळेही हसले.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे ओसवाल म्हणाले, “गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा नसली तर ते येणार नाही. हल्ली लोक मिठाच्या पुड्यासाठी पण खाली उतरत नाहीत, काचेतनं हात काढतात.”

“मग बाहेर ओटा बांधा आणि खुर्च्या टाका. चालत येतील, बसतील, दोन वस्तू जास्त घेतील,” एका तरुण आईने सांगितले. “माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला सायकल येत नाही. शिकवू कुठे?”

मग सातव्या घरातल्या साबळेबाई उठल्या. त्या कधी बोलत नाहीत. “यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. डेपोतली गाडी मागवली की यायला वीस मिनिटं. वीस मिनिटं काय असतात ते या गल्लीला सांगायला नको.”

काही जणांनी बाबांकडे पाहिले. बाबांना ऐकू आले नव्हते. ते समोर बघत होते.

आजारी माणूस असेल त्या घराला दारासमोर एक जागा, अशी दुरुस्ती झाली आणि ठराव मताला टाकला. त्रेचाळीस विरुद्ध सोळा. एकोणीस डबे आणि एक खुर्ची महिनाअखेर उचलायची. बाबांनी टाळ्या पाहिल्या आणि हात जोडले. मग निगडेकाकूंनी शेवटचे कलम वाचले, कोपऱ्याचे आणि फरशीचे. त्यालाही हात वर झाले.

“आता एकच विषय,” त्या म्हणाल्या. “नवनाथ ठोंबरे यांचा अर्ज आलाय. आपण सहा वर्षांपूर्वी केलेली तक्रार मागे घ्यावी अशी विनंती आहे.”

“कशाला?” मेहेंदळे म्हणाले. “आजच्या दिवशी? फरशीचा ठराव झाला आणि लगेच हे?”

“त्याचं म्हणणं आहे, गाडी त्याची नव्हती.”

“पुरावा आहे का? नाही ना? मग कोणाची होती? आपोआप आली कोपऱ्यावर?”

मी शेवटच्या रांगेत होते. दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ, ठोंबरे उभे होते. आत यायला त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि जा असेही कोणी म्हटले नव्हते. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी होती. ती हॉलमधल्या एकेक चेहऱ्याकडे बघत होती. त्या तक्रारीखालच्या सह्या कोणाकोणाच्या ते शोधत असावी.

मला विज्ञानाने एक शिकवले आहे. मोजलेली गोष्ट मोजली गेली की ती असतेच. कोणाला सांगितली नाही म्हणून ती कमी होत नाही. एकाहत्तर दिवस मला उलटे वाटत आले होते. मी बोलले नाही तर ती चौसष्ट मीटरवरची जागा अजून मोकळी आहे, तिथे कोणाचीच गाडी नाही, असे. पण तिथे गाडी होतीच. फरक एवढाच की ती मी ठोंबऱ्यांच्या नावावर राहू दिली होती.

मी उभी राहिले. “पुरावा आहे,” म्हणाले. “माझ्याकडे आहे.”

माना वळल्या. निगडेकाकूंनी चष्मा काढला. त्या दुपारी आईच्या छातीवर त्यांचेच हात होते. सायरन जवळ आला आणि मग लांब गेला, हे त्यांनी मला एकदाच सांगितले होते.

“आसावरी, आत्ता सांगायचंय की घरी जाऊन नीट बोलू या?” त्या हळू म्हणाल्या. त्यांना काहीतरी कळले होते. कदाचित माझ्या चेहऱ्यावरून, कदाचित फार आधीपासून.

सगळे मागे वळले म्हणून बाबाही वळले. “काय झालं? काय म्हणतेय ती?”

“कोपऱ्यावरच्या गाडीचं,” निगडेकाकू त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाल्या. “तिला माहितीय म्हणते, कोणाची होती.”

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. इतक्या लांबून मला त्यांचे डोळे नीट दिसत नव्हते. मग त्यांनी खिशात हात घातला. डबी काढली, उघडली. एक यंत्र उजव्या कानात बसवले, बोटाने दाबले. दुसरे डाव्या कानात. ते नीट बसायला त्यांना वेळ लागला, आणि तेवढा वेळ हॉलमध्ये कोणी हलले नाही. यंत्र सुरू झाल्याचा बारीक टुंट् आवाज आला.

ते उठून उभे राहिले. हात मागे बांधले.

“हं,” ते म्हणाले. “सांग आता. मोठ्यानं सांग.”

“ठोंबरे त्या दिवशी वणीला होते,” मी म्हणाले. “कोपऱ्यावर आपली गाडी होती, बाबा. दारात अॅम्ब्युलन्सला जागा व्हावी म्हणून तुम्ही ती तिथे नेलीत. डबासुद्धा ठेवला नाहीत. मी हे सगळं लिहून देणार आहे. आजच.”